पेरल्यावर हात मागे

उद्यानाच्या रोपवाटिकेत त्याला सगळे बोटभर म्हणत. अंगाने तो बोटभर नव्हता. दारातून जाताना मान वाकवावी लागे इतका उंच होता. पण त्याचं सगळं माप बोटात. भोपळ्याचं बी किती खोल? अर्धं बोट. दोन रोपांत अंतर किती? दोन बोटं. चहा किती ओतू? बोटभर कमी. निवृत्त झाला, गुडघे गेले, फावडं दुसऱ्याच्या हातात गेलं. नाव तेवढं त्याच्याबरोबर घरी आलं.

कामात तो चोख होता, आणि चोख माणूस सोबत्यांना जितका नकोसा होतो तितका नकोसाही होता. शब्दांच्या बाबतीत तर विचारू नका. वाफ्यात नुसतं बी टाकून कुणी म्हणालं, "काका, कोबी लावला," की हा फावडं टेकवून उभा राही.

"लावला नाहीस. पेरलास. लावतात ते रोप."

"एकच की हो."

"एकच कसं? मुठीत घेऊन फेकलंस तर फोकलंस. ओळीने सोडलंस तर पेरलंस. भोक पाडून एकेक घातलंस तर टोकलंस. रोप उचलून दुसरीकडे नेलंस तर लावलंस. आणि काठी उभी केलीस तर रोवलीस."

"एवढं सगळं करून उगवलंच नाही तर?"

"तर पुरलंस."

हा त्याचा एकुलता एक विनोद. सोबती दर वेळी हसत, कारण हसल्याशिवाय तो फावडं उचलत नसे.

'रुजवलं' हा शब्द मात्र तो कुणालाच वापरू देत नसे. "रुजणं हे बियाचं काम. आपलं काम मधे न येणं," असं म्हणे. पेरलेल्या वाफ्याला हात लावायचा नाही, हा रोपवाटिकेचा पहिला नियम. उगवलं का बघायला उकरलं, की कोवळा मोड तुटतो, ते तर झालंच. पण त्याहून वाईट म्हणजे मातीत खोल झोपलेलं तणाचं बी वर येतं, त्याला उजेड लागतो, आणि जे आपण पेरलंच नव्हतं तेच आधी उगवतं.

हा नियम बोटभरला पाठ होता, कारण तो त्याच्यामुळेच पहिल्यांदा मोठ्याने सांगावा लागला होता. कामावर नवा लागला तेव्हा त्याला दम निघत नसे. सकाळी पेरलं की दुपारी एका कोपऱ्यात बोट घालून बघे. संध्याकाळी दुसऱ्या कोपऱ्यात. मुकादमाने एकदा टोमॅटोचा अख्खा वाफा तणाने हिरवागार झालेला पाहिला आणि म्हणाला, "उद्यापासून पेरून झालं की हात पाठीमागे धरायचे. समजलं?" तेव्हापासून तो हात मागे धरून चाले. उद्यानात फिरायला येणाऱ्यांना वाटे, केवढा भारदस्त माणूस. भारदस्त कसला, बोटांना कोंडून ठेवलं होतं.

तर अशा या चोख माणसाची एक खोड होती. माणसांनाही तो वाफा समजे.

त्याचं म्हणणं असं, की सांगून कुणी ऐकत नाही. सांगितलं की माणूस मुद्दाम उलटा चालू लागतो. गोष्ट मनात पेरावी लागते. बोलता बोलता हलकेच सोडायची, वर थोडी माती, की झालं; पुढे ती त्याची त्यालाच सुचते. या विद्येचा पुरावा म्हणून तो नळाची गोष्ट सांगे. रोपवाटिकेतला गळका नळ बदलावा, हे त्याने म्हणे मुकादमाच्या मनात वर्षभर पेरलं. 'आज जमीन फारच ओली दिसतेय.' 'बेडकं वाढली हो.' असं. आणि शेवटी नळ बदलला. खरं म्हणजे एका सकाळी नळ आपण होऊन निखळला, पाण्याचा फवारा मुकादमाच्या तोंडावर बसला, आणि ओल्या शर्टानेच मुकादमाने नवा नळ आणवला. पण बोटभरच्या लेखी ते पीक त्याचंच.

ही गोष्ट सुरू झाली की बायको भांडी जरा आपटून ठेवी.

मुलगी एकच. ती मोटर भरायची. म्हणजे जळालेल्या मोटरीतली काळी पडलेली तार कापून काढायची आणि खाचाखाचांतून नवी तांब्याची तार भरायची. रस्त्यापलीकडच्या दुरुस्तीच्या दुकानात खिडकीशी तिचं टेबल होतं. बोटांना वार्निशचा वास, नखांत काळं. एक वेढा चुकला असं नुसतं वाटलं, तरी सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून भरायची. बोटभरला तिचा फार अभिमान होता. तो त्याने तिला कधी सांगितला नव्हता, पेरला होता. उगवला की नाही, कळायला मार्ग नव्हता.

संध्याकाळी ती घरी येऊन दाराशी चपला भिरकावे. एक चप्पल भिंतीवर आपटे. तो आवाज झाला की बोटभरचा दिवस पुरा होई. त्याआधी तो नुसता घड्याळाखाली बसलेला असे, आणि कुणी विचारलंच तर पाठीला शेक घेतोय म्हणून सांगे.

एकदा सकाळी दुकानमालकाने त्याला रस्त्यातच अडवलं.

"काका, ऐकलंत का? तुमच्या मुलीला पंपाच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. आमच्याकडची जुनी मुलगी तिकडे लागलीय ना, तिने नाव सुचवलं. ही गेली तर माझं दुकानच बसेल."

बोटभरने मनातल्या मनात अंतर मोजलं. कारखाना दुसऱ्या शहरात, गाडीने दिवसभराचा रस्ता. "ती काय म्हणाली?"

"'बघू' म्हणाली, आणि कामाला लागली."

आता त्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. 'बघू' म्हटलेली गोष्ट माळ्यावर जाई आणि तिथेच राही. जुना पंखा 'बघू' होता. भिंतीचा रंग 'बघू' होता. दुसरा कुणी बाप असता तर घरी येऊन गार पाणी प्यायला असता. पण बोटभरला वाटलं, नुसतं 'बघू'वर कसं सोडायचं? 'जाऊ नकोस' असं सांगायचं तर नाहीच. सांगितलं की जाईल. तेव्हा पेरायचं.

त्याच संध्याकाळी, जेवताना, त्याने पहिलं बी सोडलं.

"तिकडे पाणी फार जड आहे म्हणतात."

"कुठे?" मुलीने विचारलं.

"तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठे, बाबा?"

"ते आपलं... पंपाचं गाव."

"पंपाचं गाव?" मुलगी घास हातात धरून आठवत राहिली. "हां, तो कारखाना होय! मी विसरलेच होते. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"असंच कानावर आलं."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. त्याने ताटाकडे बघितलं. बी पडलं होतं, माती टाकली होती. आता हात मागे घ्यायचे, एवढंच काम उरलं होतं, आणि तेच काम त्याला आयुष्यभर जमलं नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी तिकडच्या भिंतींना ओल असते असं निघालं. तिसऱ्या संध्याकाळी तिकडचे जिने उभे आहेत, गुडघे जातात. पुढे तिकडचा वारा, तिकडचा धूर, तिकडचे घरमालक. बोटभर त्या शहरात जन्मात गेला नव्हता, पण बोलता बोलता त्याने ते सगळं बांधून काढलं, आणि राहण्यासारखी एकही जागा त्यात ठेवली नाही.

मागच्या ओट्यावर त्याचे बियांचे ट्रे मांडलेले असत. तिथे बायकोने त्याला गाठलं.

"अहो, काय चाललंय हे?"

"पेरतोय."

"ह्याला पेरणं म्हणत नाहीत. टुमणं लावणं म्हणतात."

"अगं, एकदा सोडलेलं बी उगवतंच असं नाही. ठसवावं लागतं."

"आधी पेरत होतात, आता ठसवताय. उद्या खिळे ठोकाल."

"पोरगी गेली तर?"

"तिला सांगा ना सरळ, जाऊ नको म्हणून."

"सांगून कुणी ऐकतं का?"

"मी तीस वर्षं ऐकतेय ते काय आहे मग?" असं म्हणून बायको आत गेली.

बोटभरने ट्रेकडे बघितलं. कोबी पेरला होता. उगवला नव्हता. त्याने आजूबाजूला कुणी नाही असं पाहून एका कोपऱ्यात बोट घातलं.

मुलीच्या बाबतीतही तो तेच करत होता. बायकोला रोज विचारी, "काही म्हणाली का?" मुलीला विचारी, "कसला विचार करतेस?" मुलगी म्हणे, "कसला नाही." मग हा खट्टू होई. विचार करत नाही म्हणजे रुजलं नाही, आणि रुजलं नाही म्हणजे पुन्हा पेरायला हवं. "पाणी जड असलं की केस गळतात," तो म्हणे. मुलगी केसांना हात लावून बघे.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती वैतागली. "थांबा, बाबा. खरंच पाणी जड आहे का, ते विचारूनच टाकते. रोज रोज ऐकून माझ्याच डोक्यात ते गाव घर करून बसलंय." आणि तिने त्या कारखान्यातल्या जुन्या सोबतिणीला फोन लावला. आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"पाणी?" पलीकडची खो खो हसत सुटली. "पाणी छान आहे. तुला कुणी सांगितलं जड म्हणून?"

"बाबांनी."

"काका इकडे आले होते?"

"नाही. त्यांना इथूनच कळतं."

बोटभर खिडकीतून बाहेर काहीतरी निरखून बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"अगं, आणि मोटरी बघ एकदा इकडच्या," सोबतीण सांगत होती. "उभी केली तर तुझ्या बाबांच्या उंचीची. एक भरायची तर दोघी लागतो. मी एका बाजूला, दुसरी अजून चांगली मिळाली नाही. फोटो पाठवते, थांब."

फोटो आला. मुलीने तो बोटांनी मोठा केला. मग आणखी मोठा केला. खाचा मोजू लागली. ओठ हलत होते. बोटभरने तिला असं बघताना पूर्वी एकदाच पाहिलं होतं, पहिल्यांदा दुकानात गेली तेव्हा. तिने विचारलं, "तार किती जाडीची वापरता?" मग विचारलं, "वार्निश वाळवायची भट्टी केवढी?" मग, कुणी न विचारता, "खोली मिळेल का गं जवळ?"

पाण्याचं तिने पुन्हा विचारलंच नाही.

बोटभर उठला आणि मागच्या ओट्यावर गेला. ट्रे हिरवा झाला होता. क्षणभर त्याला आनंद झाला. मग वाकून बघितलं. कोबीचं एकही रोप दिसेना. सगळं तण. जिथे जिथे त्याने बोट घातलं होतं, तिथे तिथे दाट.

बायको मागून येऊन उभी राहिली होती. "उगवलं का?" तिने विचारलं.

"उगवलं," तो म्हणाला. "मी पेरलं नव्हतं ते."

त्याला स्वतःची फार लाज वाटली, आणि लाजेतही थोडं हसू आलं. पोरीने जी गोष्ट माळ्यावर टाकली होती, ती याने रोज शिडी लावून खाली काढली होती, पुसली होती आणि जेवताना तिच्या ताटाशेजारी ठेवली होती. एखाद्या शत्रूनेही एवढी मेहनत घेतली नसती. मुकादम असता तर त्याने सगळ्यांना बोलावून दाखवलं असतं: हे बघा, उकरण्याचे फायदे.

मुलगी ओट्यावर आली. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं? जाऊ का मी?"

इतके दिवस तो ज्याची वाट बघत होता ते हेच. ती आपण होऊन विचारत होती. एक शब्द बोलला असता तर ती राहिली असती; निदान त्याला तसं वाटलं. त्याने सवयीने आडून सुरुवात केली.

"रोप कसं असतं, बघ. पिशवीत फार दिवस ठेवलं तर त्याची मुळं गोल गोल..."

"बाबा, मी रोप नाही."

"नाही, म्हणजे एक उदाहरण..."

"मी मोटर भरते. उदाहरण नको. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

बायको आत गेली होती, पण भांडी आपटत नव्हती. आतून कसलाच आवाज येत नव्हता. बोटभरने हात मागे घेतले, पुढे घेतले, परत मागे घेतले. एवढा उंच माणूस, पण त्या वेळी हात ठेवायला जागा नव्हती.

"तू गेलीस तर मला करमणार नाही," तो म्हणाला. "संध्याकाळी चप्पल आपटल्याचा आवाज आला नाही तर मी काय करू, मला माहीत नाही. पाण्याचं मला काही माहीत नाही. भिंतींचंही नाही. सगळं मी मनाने सांगितलं."

मुलगी चौकट सोडून पुढे आली. मग खाली बसून ट्रेमधलं तण उपटू लागली.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी सांगितलं असतं तर?"

"तर विषयच नव्हता. मी तर विसरूनही गेले होते."

"आणि आता?"

तिने मुठीतलं तण बाजूला ठेवलं. "आता त्या मोटरी बघितल्यात मी."

 बोटभरला अजून बोलता आलं असतं. 'आई एकटी पडेल' हे तयार होतं. 'माझे गुडघे' हेही तयार होतं; ते तर खरंही होतं. दोन्ही बिया मुठीत होत्या. चांगल्या, वजनदार बिया. कुठेही उगवल्या असत्या. तो मूठ मिटून बसला. रोपवाटिकेत त्याने उचललेली मातीची पोती एकीकडे आणि ही मूठ एकीकडे.

"जायचंय तुला?" त्याने विचारलं.

"जायचंय."

"मग जा. चोख काम कर. वेढा चुकला तर उसव."

"ते तुम्ही सांगायला नको."

"नको," तो म्हणाला. "ते तुझं तुलाच येतं. मला त्याचा फार... मला ते आवडतं. तुझं काम."

मुलीने मान खाली घातली आणि जरा जास्तच बारकाईने तण काढू लागली. काढता काढता एक कोबीचं रोप निघालं, दोन पानांचं, वाकडं. "हे काय?" तिने विचारलं.

"ठेव," बोटभर म्हणाला. "माझ्या हातून एक वाचलं."

निघायच्या दिवशी दुकानमालकही गाडीपर्यंत आला होता. तोंड पडलेलं. "काका, मी तुम्हाला सांगितलं ते तुम्ही तिला अडवाल म्हणून," तो कुजबुजला.

"मी प्रयत्न केला," बोटभर म्हणाला.

"काय केलंत?"

"ती गेली नसती ना, म्हणून तिला जायला लावलं."

दुकानमालकाला ते काही झेपलं नाही. तो पिशव्या चढवू लागला.

गाडी सुरू झाली. बोटभर हात मागे धरून उभा होता. मुलीने खिडकीतून हात बाहेर काढला.

"हात पुढे करा की, बाबा."

त्याने केले. तिच्या बोटांना अजून दुकानातल्या वार्निशचा वास होता. "करमणार नाही," तो म्हणाला. आता एकदा सरळ बोलायला लागल्यावर त्याला तेच जमत होतं.

"माहीत आहे. सांगितलंत तुम्ही," मुलगी म्हणाली, आणि गाडी वळली.

परत येताना बायको आणि तो चालत निघाले. गुडघ्यांमुळे हळूहळू.  मग बायको, जशी काही चपलेशी बोलतेय, म्हणाली, "तिच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे म्हणे."

बोटभर चालत राहिला. कोपऱ्यावरचं शिवणकामाचं दुकान गेलं, सायकलींचं दुकान गेलं. पूर्वेची खिडकी म्हणजे सकाळचं ऊन. सकाळचं ऊन म्हणजे कट्ट्यावर एक ट्रे सहज राहील. पण तिकडची माती कशी असेल? चिकट असली तर वाळू मिसळावी लागेल, आणि ते काही फोनवर सांगून होण्यासारखं नाही.

"एकदा तिकडे जाऊन यायला पाहिजे," तो म्हणाला. "माती बघायला. आत्ताच डोक्यात आलं माझ्या."

"हो का?" बायको म्हणाली. "बरं सुचलं तुम्हाला."

चार पावलं पुढे गेल्यावर तो थांबला. बायकोकडे वळून बघितलं. ती समोर बघत होती, ओठ मिटलेले, चेहरा अगदी सरळ.

"तू..." तो म्हणाला.

"मी काय? मी फक्त खिडकी म्हटलं."

एकच वाक्य. वर जेमतेम बोटभर माती. पुन्हा हात लावला नव्हता. तो आयुष्यभर ज्या विद्येच्या बढाया मारत होता ती घरातच होती, आणि बायको भांडी का आपटत होती तेही आता लक्षात आलं. त्याला कळलं होतं. गंमत म्हणजे कळूनही उगवलं होतं, आणि वाढतच होतं.

त्याने हात पाठीमागे घेतले आणि पुन्हा चालू लागला. घराचं दार दिसेपर्यंत कसाबसा धीर धरला.

"मग कधी निघायचं म्हणतेस?" त्याने विचारलं.

"उकरू नका," बायको म्हणाली.